‘वांझ समाज’ की ‘नपुंसक समाज’?

प्रश्न असा आहे : पी. डी. जेम्स यांच्या ‘द चिल्ड्रन ऑफ मेन’ (१९९२) या कादंबरीचा परिचय लिहिताना ‘वांझ झालेला समाज’ म्हटलं तर चालेल का, की ‘नपुंसक समाज’ जास्त नेमकं?

दोन्ही नकोत. सभ्य-असभ्यतेचा मुद्दा बाजूला ठेवा, कथानकाशीच ते जुळत नाहीत.

‘वांझ’ हा संस्कृत ‘वन्ध्या’वरून आलेला. तो बाईला लागतो, गाईला लागतो, झाडालाही लागतो. पुरुषाला लागत नाही. ‘वांझोटा’ हे पुल्लिंगी रूप आहे खरं, पण ते वाद, खटाटोप, चर्चा यांच्यासाठी. ‘वांझोटा नवरा’ कुणी म्हणत नाही. त्यामुळे ‘वांझ समाज’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे बायकाच येतात. कादंबरीत नेमकं उलट आहे. १९९५ नंतर जगात मूल जन्मलेलं नाही, कारण पुरुषांचं वीर्य निकामी झालंय, गोठवून साठवलेलंसुद्धा. सरकार धडधाकट लोकांच्या सक्तीने तपासण्या करतं आणि व्यंग किंवा आजार असलेल्यांना त्यातून वगळतं. शेवटी गर्भ राहतो तो हाताला व्यंग असलेल्या ज्युलियनला, आणि बाप निघतो लहानपणी अपस्मार असलेला ल्यूक. दोघंही तपासणीच्या यादीबाहेरचे!

‘नपुंसक’ तर साफ चूक. नपुंसकत्व संभोगाच्या क्षमतेबद्दल असतं, वंध्यत्व गर्भधारणेबद्दल. वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या माणसाला संभोगात काहीच अडचण नसू शकते. वर्तमानपत्रं हा घोळ सर्रास घालतात.

‘निर्बीज’ अर्थाने जवळचा आहे, पण पालिकेने भटक्या कुत्र्यांच्या ‘निर्बीजीकरणा’त तो पार अडकवून टाकलाय. वाचक लगेच विचारेल, कुणी केलं? कादंबरीत तर कारण कुणालाच सापडलेलं नाही. ‘निपुत्रिक’ एका जोडप्यापुरता, त्यातही पुत्रापुरता.

म्हणून ‘वंध्यत्व’. दवाखान्यांच्या पाट्यांनी तो रुळवलाय, आणि ‘पुरुष वंध्यत्व’ म्हटलेलं आता कानाला खटकत नाही. वैद्यकात त्याची व्याख्याही ठरलेली आहे : गर्भनिरोधक न वापरता १२ महिने नियमित संबंध येऊनही गर्भ न राहणं. पहिल्या उल्लेखात ‘पुरुषांमधलं वंध्यत्व’ असं स्पष्ट लिहा, पुढे नुसतं ‘वंध्यत्व’ पुरे. दर वाक्यात तेही नको. ‘पंचवीस वर्षांत जगात कुठे पाळणा हललेला नाही’ हे आपलं मराठी आहेच. ‘प्रजननदर घटला’ मात्र टाळा. दक्षिण कोरियाचा दर (एका बाईमागे सरासरी मुलं) २०२३ मध्ये ०.७२ होता, पण म्हणून तिथले लोक वंध्य ठरत नाहीत.

याच कादंबरीवरचा २००६ चा चित्रपट पाहून लिहीत असाल तर सावध राहा. दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोनने काळ २०२७ चा घेतलाय आणि वंध्यत्व बायकांकडे सरकवलंय.

‘वांझ’ खरोखर वापरावा असं ठिकाण मार्गारेट ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) आहे. गिलियड या त्यातल्या हुकूमशाही राष्ट्राच्या कायद्यात पुरुष वंध्य असूच शकत नाही. दोष फक्त बाईचा. तिथे एक डॉक्टर नायिकेला तपासताना हळूच सांगतो की या म्हाताऱ्या सेनापतींपैकी बरेच ‘स्टराइल’ (वंध्य) आहेत, आणि तो निषिद्ध शब्द ऐकून ती दचकते. मराठीत त्याच्या तोंडी ‘वंध्य’ घातलं तर कुणी दचकणार नाही. ‘वांझ आहेत ते’ असं लिहा. पुरुषाला न लागणारा शब्द पुरुषाला लावला की दचकायला होतंच.