"ताई, नक्की आधी काय होणार?"

ओट्यावर दूध उतू गेलेलं, गॅस चालूच. आईच्या चपला दाराशी, मोबाईल टीव्हीशेजारी. आई मात्र घरात नाही. सुट्टीत गावी आलेली ही नर्सिंगची विद्यार्थिनी स्वयंपाकघरातच खाली बसली. तिला वाटलं, प्रभू येशू येऊन गेला, आई घेतली गेली, मी मागे राहिले. प्रत्यक्षात आई गच्चीवर कुरडया गोळा करत होती, अनवाणी.

(ती माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ख्रिस्ती तरुणांच्या एका शिबिरात तिला जगाच्या शेवटाच्या घटनांचा एक तक्ता मिळाला होता. विश्वासणारे अचानक उचलले जाणार, मग ७ वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधी, मग प्रभूचं येणं, १००० वर्षांचं राज्य आणि शेवटचा न्याय. तेव्हापासून ती दिवसातून दहा-बारा वेळा घरी फोन करायची. रात्री पश्चात्तापाची प्रार्थना करायची. एखादा शब्द लक्ष नसताना उच्चारला गेला असं वाटलं, की पुन्हा पहिल्यापासून. पहाटेचे तीन वाजायचे.

"ताई, नक्की आधी काय होणार? क्रम कळला तर मी तयार राहीन."

मी स्वतः मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले आहे. प्रभू येणार नाही, असं मी तिला सांगितलं नाही. माझाही तो विश्वास आहे. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल, हे नायसियाच्या मतांगीकारात, म्हणजे मंडळ्यांच्या जुन्या विश्वासकथनात, आहे आणि त्यावर बहुतेक सगळ्या मंडळ्या एक आहेत. मतभेद आहेत ते क्रमावर, आणि तेही फार जुने. १००० वर्षांचा उल्लेख येतो तो बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात. दुसऱ्या शतकातले धर्मगुरू इरेनियस ती वर्षं शब्दशः घेत आणि प्रभू त्याआधी येईल म्हणत. पाचव्या शतकात धर्मगुरू ऑगस्टीन यांनी ती मंडळीच्या सध्याच्या काळाची खूण मानली. सुवार्तेने जग बदलेल आणि त्यानंतर प्रभू येईल, असं मानणारेही होऊन गेले. तिच्या तक्त्यातला, संकटाआधी गुपचूप उचलून नेण्याचा क्रम पसरला तो १८३० च्या दशकापासून, धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह बायबलने तो घरोघरी नेला. तो मानणारे प्रामाणिक विश्वासणारे मला माहीत आहेत. पण तो न मानणारेही ख्रिस्तीच आहेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग आम्ही बायबलमधला मूळ उतारा काढला, प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय ४. तिला १७ वं वचन पाठ होतं: जिवंत उरलेले प्रभूला सामोरे होण्यासाठी वर घेतले जातील. मी म्हटलं, १३ पासून वाच.

तिथे पौल भीती घालत नाही. मंडळीतली काही माणसं वारली होती. प्रभू आला की ती मुकतील का, या दुःखात असलेल्यांना तो लिहितो आहे. 'सामोरे होणे' हा शब्दही पाहिला. मूळ ग्रीक शब्द बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात येतो: रोमचे बंधू पौलाला भेटायला शहराबाहेर येतात आणि मग सगळे मिळून रोमला जातात. आपण वेशीवर जाऊन पाहुण्याला वाजतगाजत गावात आणतो, तसं. सगळे अभ्यासक इथे हाच अर्थ घेत नाहीत, हेही मी सांगितलं.

ती १६ व्या वचनाशी थांबली. ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील. बोट त्या ओळीवर तसंच.

"म्हणजे आधी आजी," ती म्हणाली.

आजी नाताळाच्या आधी गेली होती. परीक्षेमुळे हिला मातीला जाता आलं नव्हतं. तीन भेटींत ती हे एकदाही बोलली नव्हती. त्या दिवशी तासभर ती फक्त रडली, आणि मी मध्ये बोलले नाही.

एवढ्याने फोन थांबले नाहीत, हे मुद्दाम लिहिते. अशा मुलांना घरचे सांगतात, "प्रार्थना कर, भीती जाईल." पण हिची प्रार्थनाच खात्री करून घेण्याचं साधन झाली होती, आणि खात्री काही क्षण टिकून पुन्हा मागावी लागते. तिच्या पाळकसाहेबांना तिच्या परवानगीने भेटीत बोलावलं. ठरलं ते असं: रात्रीची प्रार्थना एकदाच, अडखळली तरी पुन्हा नाही. फोनची ओढ आली की आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस, मग तास. पहिला आठवडा तिला फार जड गेला. झोप पूर्ववत होईना म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे, हे तिला माझ्यापेक्षा पाळकसाहेबांनी जास्त चांगलं पटवलं.

मे महिन्यात तिचा फोन आला. घर पुन्हा रिकामं होतं, चपला दाराशीच. छाती धडधडली, पण तिने कुणाला हाक मारली नाही, मोबाईल हातात घेतला नाही. गॅस बंद केला, दुधाचं करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

"अर्धं घासून झालं होतं ताई, तेवढ्यात आई शेजारून आली. म्हणाली, त्यात पाणी घालून ठेव, उद्या निघेल."