पाठीवरचे आकडे

प्रश्न : आमच्या शाळेच्या बेसबॉल संघात ३ नंबरच्या जर्सीवरून पोरं भांडायलीत. नंबर ठरवायचे कसे?
– एक क्रीडाशिक्षक, परभणी

उत्तर : सर, १९२९ साली न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकी बेसबॉल संघानं फलंदाजीच्या क्रमानंच नंबर वाटले. बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, त्याच्यामागं लू गेरिग ४. १९३२ ची वर्ल्ड सिरीज (तिथली बेसबॉलची अंतिम लढत) जिंकलेल्या यांकीज संघातही दोघांच्या पाठीवर हेच आकडे. पुढं ती रीत मागं पडली. १९५५ ला ब्रुकलिन डॉजर्स हा संघ वर्ल्ड सिरीज जिंकला तेव्हा त्यांच्या जॅकी रॉबिन्सनचा नंबर ४२ होता. तो नंबर १९९७ मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या) सगळ्याच संघांनी निवृत्त केला, म्हणजे नव्या कुणाला द्यायचा नाही असं ठरलं. (सामन्याच्या नोंदपत्रकातला १ म्हणजे पिचर, चेंडू फेकणारा; २ म्हणजे कॅचर, तो झेलणारा; त्याचा जर्सीशी संबंध नाही.) तुम्ही आपल्या चिठ्ठ्या टाका. कुणाचे वडील सरपंच आहेत, ते चिठ्ठी उघडल्यावर बघू.