इंदूरला राहून मेनफ्रेम डीबीएचं पुढचं ट्रेनिंग कसं घ्यावं?

प्रश्न असा आहे: तीन वर्षं कोबोल-डीबीटूचा (मेनफ्रेमवरची जुनी भाषा आणि आयबीएमचा डेटाबेस) सपोर्ट केला, आता टीमनं डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या, कामात ओढलंय, आणि भंवरकुआंचा एक क्लास ४० तासांचा ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स विकतोय. घ्यावा का, आणि नाही तर काय शिकावं?

क्लासवाल्याला आधी विचारा की सरावाला डीबीटूची सबसिस्टिम (चालू डीबीटूची एक प्रत) कुठली, आणि तिच्यात मला माझ्या स्वतःच्या डेटाबेसवर डीबीएडीएम, म्हणजे त्याचा कारभार करायचा, अधिकार मिळेल का. ‘सर स्क्रीनवर करून दाखवतात’ असं उत्तर आलं तर पैसे खिशात ठेवा. कमांड मॅन्युअलमध्ये फुकट वाचायला मिळतात. फी द्यायची ती टेबल हातानं बिघडवून परत उभं करायच्या सोयीसाठी. ‘आमच्या लॅपटॉपवर मेनफ्रेम आहे’ असंही सांगतील. हर्क्युलिस एम्युलेटरवर (मेनफ्रेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बिनधास्त चालते ती एमव्हीएस ३.८ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, त्यात डीबीटू नाही. आणि परवान्याशिवाय उचललेल्या झेडओएसच्या, म्हणजे आजच्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिमच्या, वाटेला जाऊ नका.

अभ्यासक्रम शिळा आहे का, हे दोन जागी कळतं. सिंपल टेबलस्पेस (टेबलं ठेवायच्या जागेचा जुना प्रकार) ‘बनवून’ दाखवत असतील तर तो डीबीटू ९ च्या आधीचा, कारण ९ पासून ती बनवताच येत नाही. रीऑर्गसाठी, म्हणजे डेटा नव्यानं नीट रचण्यासाठी, मॅपिंग टेबल हातानं बनवायला लावत असतील तर ११ च्या आधीचा. आज कंपन्यांत १२ (२०१६) किंवा १३ (२०२२) असतं, आणि १२ पासून सुधारणा फंक्शन लेव्हलनं (छोट्या टप्प्यांनी) येतात. १३ वर जायचं तर १२ आधी एम५१० या लेव्हलवर आणावं लागतं. हे ज्याला माहीत नाही तो मायग्रेशन काय शिकवणार?

फुकटातलं सांगतो. आयबीएमच्या झेड एक्सप्लोरवर खरं झेडओएस मिळतं, व्हीएस कोड आणि झोवे एक्सप्लोरर लावून. जेसीएल (जॉब चालवायच्या सूचना) आणि डेटासेटवर (मेनफ्रेमच्या फायलींवर) हात बसायला उत्तम, पण डीबीएचे अधिकार तिथे मागू नका. लॅपटॉपवर चालणारी डीबीटूची कम्युनिटी एडिशन एसक्यूएलपुरती बरी. नाव एकच असलं तरी रीऑर्ग, रिकव्हर आणि लॉगचा कारभार वेगळा, त्यामुळे तिथली सवय इथे आणली की घोळ होतो. खरा सराव ऑफिसच्या टेस्ट सबसिस्टिमवरच होतो. एक रिकामा डेटाबेस आणि त्यावर डीबीएडीएम, एवढंच मागा. सिसॲडम, म्हणजे सगळ्या सबसिस्टिमचा अधिकार, मागितलात तर तुमची विनंती तिथेच पडून राहील.

तो डेटाबेस मिळाला की सगळ्यात आधी रिकव्हरी. परफॉर्मन्सनं सुरुवात करायचा मोह होतो, पण संथ क्वेरीला उद्याचा दिवस मिळतो, उडालेल्या टेबलाला मिळत नाही.

दोन टेबलं बनवा, पालक आणि पाल्य, मध्ये फॉरेन की, दोन्ही वेगळ्या युनिव्हर्सल टेबलस्पेसमध्ये. एकेक लाख ओळी लोड करा, मुद्दाम लॉग नो देऊन, म्हणजे लॉगमध्ये नोंद न करता. आता एक अपडेट चालवून बघा, -९०४ (साधन उपलब्ध नाही) येईल, कारण टेबलस्पेस कॉपी पेंडिंगमध्ये, म्हणजे बॅकअप बाकी असलेल्या अवस्थेत, गेली. डिस्प्ले डेटाबेस कमांड रिस्ट्रिक्ट शब्द घालून द्या आणि स्टेटसच्या रकान्यात ‘कॉपी’ दिसतं ते डोळ्यांनी बघा. त्याच यादीत पाल्याच्या टेबलस्पेसवर ‘सीएचकेपी’ही (चेक पेंडिंग, म्हणजे नात्याची तपासणी बाकी) असू शकतं. लोड करताना एन्फोर्स नो दिलंत की ते येतं, आणि चेक डेटा चालवून काढावं लागतं. मग दोन्हींची फुल इमेज कॉपी (पूर्ण बॅकअप) घ्या आणि सिसकॉपी कॅटलॉग टेबलात आयसीटाइप वाचा: वाय म्हणजे लॉग नोचा लोड, एफ म्हणजे फुल कॉपी, आय म्हणजे इन्क्रिमेंटल, क्यू म्हणजे क्विएस (कुठलाही व्यवहार अर्धवट नसलेला, नोंदवून ठेवलेला क्षण). रिकव्हर युटिलिटी काय करणार हे ती चालवण्याआधी या ओळींवरून सांगता आलं पाहिजे. मी कुणाची परीक्षा घेतली तर एवढंच विचारेन.

आता थोड्या ओळी अपडेट करून कमिट करा, आणि मग पाल्य टेबलावर वेअर नसलेलं डिलीट, तेही कमिटसकट. परत कुठल्या क्षणावर यायचं? क्विएस घेतलेलं असेल तर सिसकॉपीतल्या स्टार्ट आरबीएवर (लॉगमधली जागा). नसेल तर डीएसएन१लॉगपी (लॉग वाचणारी युटिलिटी) ‘समरी ओन्ली’नं चालवा, डिलीट करणारं युनिट ऑफ रिकव्हरी (व्यवहार) शोधा आणि त्याच्या सुरुवातीचा आरबीए घ्या. आरबीए १० बाइटचा, म्हणजे हेक्समध्ये २० अक्षरं. एक शून्य कमी-जास्त झाला की जागा चुकते. डेटा शेअरिंग (अनेक सबसिस्टिम, एकच डेटा) असेल तर त्याच कॉलममध्ये आरबीएऐवजी एलआरएसएन (सगळ्यांचा सामाईक लॉगक्रम) असतो. क्विएसशिवाय जुन्या क्षणावर जाताच येत नाही, असं अजून शिकवतात. डीबीटू ९ पासून रिकव्हर स्वतःच त्या क्षणी अर्धवट असलेले व्यवहार मागे घेतं.

रिकव्हरमध्ये दोन्ही टेबलस्पेस एकाच स्टेटमेंटमध्ये द्या, टूलॉगपॉइंटसह, म्हणजे तो क्षण सांगून. सुरुवातीला मुद्दाम एकच द्या, म्हणजे सीएचकेपी परत कसं लागतं ते कळेल. एक टेबल मागे गेलं, दुसरं जागेवर राहिलं, नात्याची हमी संपली. दोन्ही दिल्यावरही इंडेक्स आरबीडीपीत, म्हणजे रीबिल्ड पेंडिंगमध्ये सापडतील, कारण इंडेक्सची कॉपी आपण घेतलीच नव्हती. रीबिल्ड इंडेक्स चालवा, मग ताजी इमेज कॉपी. कुठल्या टेबलस्पेस एकत्र न्यायच्या हे आठवणीवर सोडू नका, रिपोर्ट टेबलस्पेससेट यादी देतं, एलओबीच्या (मोठ्या आकाराच्या डेटाच्या) जागा धरून.

या सरावात जीडीजीची (एकाच नावाच्या क्रमवार डेटासेटच्या गटाची) खोड जरूर बघा. इमेज कॉपीच्या जीडीजीची मर्यादा ५ आणि मॉडिफाय रिकव्हरी (सिसकॉपीतल्या जुन्या ओळी काढणारी युटिलिटी) ३० दिवसांची, असं ठेवलं की रोजच्या कॉपीत सहाव्या दिवशी पहिला डेटासेट उडतो, पण सिसकॉपीत ओळ तशीच राहते. आठवड्यापूर्वीच्या क्षणावर यायची वेळ आली की कागदोपत्री कॉपी आहे, प्रत्यक्षात नाही. रिकव्हरला डेटासेट मिळाला नाही तर ते त्याच्या आधीची कॉपी शोधतं आणि तिच्यापासून पुढचा सगळा लॉग लावत बसतं. इथे आधीचीही उडालेली.

दुसरा मोठा विषय ऑनलाइन रीऑर्ग. शेअरलेव्हल चेंजमध्ये काम सावलीच्या डेटासेटवर चालतं, मधले बदल लॉगमधून लावले जातात, आणि अगदी शेवटी, स्विचच्या तोंडाशी, रीऑर्गला सगळ्यांना क्षणभर बाहेर काढावं लागतं. यालाच ड्रेन म्हणतात. चार तास चाललेला जॉब इथेच पडतो, कारण कुणीतरी क्लेम (डेटा वापरात असल्याची नोंद) धरून बसलेलं असतं. कमिट न करणारा बॅच जॉब हा नेहमीचा संशयित. पण कमिट करूनही क्लेम सोडत नाही तो विथ होल्ड कर्सर, आणि तो शोधायला वेळ जातो. डिस्प्ले डेटाबेसला क्लेमर्स शब्द जोडला की नावं मिळतात.

आकडे ठरवताना हिशोब असा: ड्रेन_वेट (ड्रेनसाठी थांबायचा वेळ) आणि मॅक्सआरओ (लॉग लावायच्या शेवटच्या फेरीचा कमाल वेळ) यांची बेरीज आयआरएलएमच्या (लॉक सांभाळणाऱ्या भागाच्या) लॉक टाइमआउटपेक्षा कमी. टाइमआउट ३० सेकंद असेल तर १० आणि १०, रीट्राय ६, रीट्राय_डिले १२०. ड्रेन_वेट ६० ठेवलंत तर रीऑर्गच्या मागे रांगेत उभी राहिलेली ऑनलाइन ट्रान्झॅक्शन टाइमआउट होऊन पडतील, आणि फोन तुम्हालाच येईल. फोर्स ऑल मात्र पोह्यांवर शेव भुरभुरावी तसं प्रत्येक जॉबवर टाकू नका. ते आड येणाऱ्यांचे चालू व्यवहार तोडतं.

परफॉर्मन्सबद्दल एवढंच: आधी रनस्टॅट्स (डेटाची आकडेवारी गोळा करणं), मग एक्सप्लेन (क्वेरी कुठल्या वाटेनं जाणार ते बघणं). प्लॅन टेबलात ॲक्सेसटाइप, मॅचकॉल्स, इंडेक्सओन्ली आणि प्रीफेच हे चार कॉलम वाचता आले की बरीचशी क्वेरी उलगडते. रीबाइंडच्या (वाट नव्यानं ठरवण्याच्या) आधी प्लॅनमॅनेजमेंट एक्स्टेंडेड आहे ना ते बघा, म्हणजे बिघडलेला ॲक्सेस पाथ ‘स्विच प्रीव्हियस’नं परत आणता येतो. -९११ आला की रीझन कोडचं शेपूट बघा: ८८ म्हणजे डेडलॉक, ८ई म्हणजे टाइमआउट. दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

शेवटचा सराव ड्रॉपचा. टेबलस्पेस ड्रॉप केली की तिच्या सिसकॉपीतल्या ओळीही जातात, म्हणून रिकव्हर कामाचं नाही. टेबलस्पेस नव्यानं बनवा, स्टॉप करा, आणि जुन्या इमेज कॉपीवरून डीएसएन१कॉपी चालवा, फुलकॉपी, ओबीआयडीएक्सलॅट आणि रीसेट घालून. सिसएक्सलॅटमध्ये (जुन्या-नव्या आकड्यांची यादी) पहिली ओळ डीबीआयडीची, दुसरी पीएसआयडीची, पुढच्या ओबीआयडीच्या (डेटाबेस, टेबलस्पेस आणि टेबल यांचे आतले क्रमांक), प्रत्येकीत जुना आकडा, स्वल्पविराम, नवा आकडा. जुने आकडे ड्रॉपनंतर कॅटलॉगमध्ये मिळत नाहीत, ते आधीच उतरवून ठेवलेले हवेत. आणि हे डीबीटूच्या बाहेरून चालतं, म्हणून त्या व्हीसॅम डेटासेटवर रॅकफची (मेनफ्रेमच्या सुरक्षा व्यवस्थेची) परवानगी वेगळी मागा, डीबीएडीएम पुरत नाही. प्रॉडक्शनच्या टेबलांवर रिस्ट्रिक्ट ऑन ड्रॉप लावलं की हे सगळं टळतं.

क्लास घेतलाच तर रविवारची बॅच नको. गिऱ्हाईक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं असेल आणि बदलाची वेळ तिथल्या रविवारी पहाटे २ ची असेल, तर आपल्याकडे ती उन्हाळ्यात सकाळी ११:३० आणि हिवाळ्यात दुपारी १२:३० ला येते, आणि नव्या डीबीएची पहिली ड्युटी बहुधा तीच असते.