चांद्रमोहिमेच्या पदकात चंद्रावरून आलेला धातू किती?

प्रश्न : माझा मुलगा ह्यूस्टनला असतो. त्याच्या शेजारी राहणाऱ्या वयोवृद्ध गृहस्थांनी उमेदीच्या काळात अपोलो मोहिमांसाठी काम केले होते. त्यांनी मुलाला ॲल्युमिनियमचे एक पदक भेट दिले. कोलंबिया आणि ईगल या यानांतील धातू त्यात असल्याचे पदकावर कोरलेले आहे. जांभळी नाक्यावरील आमच्या सराफांनी मात्र ‘हे साधे ॲल्युमिनियम आहे’ असे सांगून ते परत केले. खरे काय मानावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सराफांचे म्हणणे बरोबर आहे आणि पदकावरचा मजकूरही खोटा नाही. अपोलो-11 नंतर नासाने कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदार कंपन्यांतील कामगारांना अशी पदके दिली. यानांतील थोडासा धातू बऱ्याच ॲल्युमिनियममध्ये वितळवून त्या मिश्रणातून ती पाडण्यात आली. त्यामुळे एका पदकाच्या वाट्याला अंतराळात जाऊन आलेल्या धातूचा केवळ अंश येतो, आणि यानाचे ॲल्युमिनियमही शेवटी ॲल्युमिनियमच असल्यामुळे कसोटीवर घासून किंवा तपासणी करून तो अंश वेगळा दाखवता येत नाही.

असे का करावे लागले, हे मोहिमेचे वजन पाहिले की कळते. 16 जुलै 1969 रोजी सुमारे 2,900 टनांचे अग्निबाण आणि यान उडाले. 24 जुलैला प्रशांत महासागरात उतरले ते जेमतेम 5 टनांचे, शंकूच्या आकाराचे कोलंबियाचे दालन. अग्निबाणाचा पहिला आणि दुसरा टप्पा समुद्रात पडला, तिसरा सूर्याभोवतीच्या कक्षेत गेला. चंद्रावर उतरलेल्या ईगलचा खालचा भाग तेथेच राहिला आणि वरचा भाग चंद्राभोवती सोडून देण्यात आला, म्हणजे ईगलमधील धातू परत आला तो अंतराळवीरांनी कोलंबियात हलवलेल्या सामानाबरोबरच. अपोलो कार्यक्रमात सुमारे 4 लाख माणसे राबली, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातचे काम परत आलेच नाही. इंधनाच्या टाकीचे सांधे जोडणाऱ्या माणसाला त्याच टाकीचा तुकडा देणे अशक्य होते. अशा वेळी परत आलेले थोडके सर्वांच्या वाट्यात मिसळणे हाच मला न्याय्य मार्ग वाटतो, मग तो वाटा तीर्थाच्या थेंबाएवढा का असेना.

नासाचा दुसरा एक प्रसिद्ध सन्मान याहून वेगळ्या रीतीचा आहे. 1968 पासून दिल्या जाणाऱ्या ‘सिल्व्हर स्नूपी’ या चांदीच्या बिल्ल्यात यानाचा धातू नसतो. तो बिल्लाच अंतराळात फिरवून आणतात, आणि बहुधा एखादा अंतराळवीर तो स्वतः कामगाराच्या हाती देतो. दरवर्षी एक टक्क्याहून कमी लोकांना तो मिळतो. याशिवाय कोलंबियाच्या बाहेरील ‘कॅप्टॉन’ (Kapton) नावाच्या चकाकत्या उष्णतारोधक पापुद्र्याचे कपटेही कागदावर चिकटवून आठवण म्हणून दिले गेले.

तेव्हा आपल्या पदकाची खरी ओळख त्याच्या कागदांत आहे. त्या गृहस्थांकडे पदकाबरोबर आलेले कार्ड किंवा कंपनीचे पत्र असेल तर ते मागून घ्यावे; नसेल तर ते कोठे आणि कोणते काम करत होते, हे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. अशी पदके फार मोठ्या संख्येने वाटली गेली असल्याने मोठ्या किमतीची अपेक्षा धरू नये. पदक पॉलिश मात्र मुळीच करू नये.

प्रश्न : विक्रोळीत इस्रोच्या अग्निबाणांची ‘विकास’ इंजिने तयार होतात. तेथील कामगारांना असे काही देता येईल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : त्या इंजिनांपासून नाही, कारण काम संपल्यावर ती परत येत नाहीत. अंतराळातून परतलेली भारतीय कुपी हवी असेल, तर 10 जानेवारी 2007 रोजी पीएसएलव्हीने सोडलेली आणि 22 जानेवारीला बंगालच्या उपसागरातून बाहेर काढलेली एसआरई-1 आहे. गगनयानाचे दालनही परत येण्यासाठीच बांधले जात आहे, तेव्हा ही सूचना इस्रोकडे आत्ताच पाठवायला हरकत नाही.