रॉचडेल: वडिलांना टोड लेनला न्यायचं असेल तर

"बाबा विकास सोसायटीत सचिव होते, मँचेस्टरला आलेच आहेत तर एका दिवसात रॉचडेल दाखवता येईल का?" हे तुमचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. माझ्या वडिलांनी जीडीसी अँड ए ची, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची, परीक्षा दिली होती. सहकारी चळवळीची पायवाट घालणाऱ्या रॉचडेल पायोनियर्स या गटाने जिथे आपलं दुकान उघडलं आणि जिथे आता म्युझियम आहे, तो ३१, टोड लेन हा पत्ता त्यांना आपल्या घराच्या पत्त्यासारखा पाठ होता.

व्हिसा, हवामान वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. मी फक्त माझी चूक सांगतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात बाबांना घेऊन आम्ही गेलो. आदल्या दिवशी मँचेस्टरमधल्या एका पर्यटन-माहितीच्या काउंटरवर विचारलं, पायोनियर्स म्युझियम उद्या उघडं आहे का? समोरच्या माणसाने कुठेही न बघता "रोज असतं" म्हणून सांगितलं, वर ट्रामने जा म्हणाला. ट्राम ओल्डहॅमवरून वळसा घेत जवळजवळ तास खाते. मँचेस्टरच्याच व्हिक्टोरिया स्टेशनवरून रेल्वेने वीसेक मिनिटांत पोचता येतं. तरी पोचलो, आणि दार बंद. ते म्युझियम आठवड्यातले काही दिवसच उघडं असतं. बाबा काचेतून आत बघत किती वेळ उभे होते, ते मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं. नंतर गुडघ्यांमुळे त्यांचा प्रवासच थांबला. काउंटरला मी दोनदा मेल केली, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. ज्यांचं काम माहिती देणं आहे त्यांनी वेळापत्रक बघण्याचे कष्टही घेऊ नयेत, याचा राग आजही गेलेला नाही.

म्हणून निघण्याआधी थेट म्युझियमलाच विचारा, तारीख सांगून. मी लिहिलंय त्यावरही विसंबू नका, दिवस आणि वेळा बदलतात.

नंतर मी एकटा जाऊन आलो. पुढच्या खोलीत जुनं दुकान पुन्हा मांडलंय: पिंपांवर फळी टाकून केलेला काउंटर, तराजू. २१ डिसेंबर १८४४ ला इथे लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. आठवड्याला दोन-तीन पेन्स साठवत माणशी एक पौंड, असं २८ पौंडांचं भांडवल. आपल्याकडे सरसकट "२८ विणकर" म्हणतात ते बरोबर नाही, त्यात इतर धंद्यांतली माणसंही होती. माझ्या मते मोठी गोष्ट दुकानाची नाहीच, नियमांची आहे. भेसळ नाही, माप पूर्ण, उधारी नाही, खरेदीच्या प्रमाणात नफावाटप आणि माणशी एक मत. प्रवरेच्या कारखान्यापासून गावच्या सोसायटीपर्यंत आपण जे मानतो, त्याची मुळं इथली आहेत.

शहर मात्र त्याहून पुष्कळ जुनं. बाजाराची सनद १२५१ ची, आधी लोकर आणि फ्लॅनेल, मग सूत. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते ६५) तिकडचा कापूस थांबला तेव्हा लँकेशरच्या, म्हणजे या भागातल्या, गिरण्या आपल्या आखूड धाग्याच्या कापसावर आल्या. मुंबईत तेव्हा पैशाचा पूर आला तो त्यातूनच. इथलेच गिरणीमालक आणि तेव्हाचे मँचेस्टरचे खासदार जॉन ब्राइट १८४८ मध्ये हिंदुस्थानातल्या कापूस-लागवडीवरच्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते. त्यांचा पुतळा ब्रॉडफील्ड पार्कात आहे. वऱ्हाड-खानदेशाकडचे असाल तर तिथे जरा थांबा.

टाउन हॉल चुकवू नका. १८७१ चा आहे, १८८३ च्या आगीत मनोरा गेला, आत्ताचा वास्तुकार वॉटरहाउस यांच्या आराखड्याचा. आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता, २०२४ पासून पुन्हा उघडला आहे. आतल्या रंगीत काचा बघाच. सेंट चॅड चर्चच्या पायऱ्या शंभराहून जास्त आहेत, वडिलांना त्या वाटेने नेऊ नका.

रेल्वे स्टेशन गावापासून जरा लांब आहे. तिथून गावात जायला मात्र ट्राम सोयीची, टाउन सेंटरला उतरा. पुढे थोडं चालणं आणि चढ आहे, एवढं धरून चाला. आधी म्युझियम, बाकीचं सगळं नंतर. आत गेल्यावर तुमच्या बाबांना त्या फळीपाशी थोडा वेळ एकटं उभं राहू द्या, फोटोची घाई करू नका.