भुऱ्याचं दुखणं आणि बैलाची गोळी

वाचकांचे प्रश्न, जनावरांच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: डॉक्टर साहेब नमस्कार. वणी तालुक्यात आमची कपाशी आहे. घरी भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा आहे, ११ वर्षाचा झाला, वजन २० किलो भरलं (कापसाच्या काट्यावर मी त्याले उचलून उभा राह्यलो अन् मंग माहं वजन वजा केलं). वावरात डुकरं अन् रोही हाकलायले जागलीवर आजवर हाच माह्या सोबत यायचा. आता सकाळी उठते तर मागचे पाय आखडून राह्यते, बंडीवर चढत नाही, थोडं चाललं की मोकळा होते. तालुक्याच्या डॉक्टरनं एक्सरे पाहून संधिवात सांगितला, मेलॉक्सिकॅम रोज द्या म्हणे, अन् बहुतेक कायमची. आता माह्या बाबाले गुडघ्यासाठी हेच औषध चालू आहे, १५ मिग्रॅची गोळी, मंग त्यातलीच दिली तर? गोठ्यात बैलाची मोठी गोळीही पडून आहे, तिचा चतकोर दिला तर? अन् गावात सारे म्हणतात रोज दुखण्याची गोळी दिली की किडनी जाते. मंग काऊन द्यावी?

उत्तर: भाऊ, वजन केलंत हे लय चांगलं केलं. निम्मे लोक "असंन वीस-पंचवीस" म्हणतात आणि पुढचा सगळा हिशोब तिथंच चुकतो.

तर हिशोब असा. कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिग्रॅ आणि दुसऱ्या दिवसापासून ०.१ मिग्रॅ, दिवसातून एकदाच. म्हणजे भुऱ्याला पहिल्या दिवशी ४ आणि मग रोज २ मिग्रॅ. बाबांची गोळी १५ची, म्हणजे भुऱ्याचा साडेसात दिवसांचा डोस एका घासात. बैलाची गोळी १०० मिग्रॅची असेल तर चतकोर म्हणजे २५, बारा दिवसांच्या वर. त्यातही बैलाच्या बऱ्याच गोळ्यांत मेलॉक्सिकॅमसोबत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, तेही बैलाच्याच मापाचं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असते पण गोठ्यात कोण वाचते. आणि १५च्या गोळीचे सात सारखे तुकडे करायला तुम्ही सोनार आहात का? म्हणून कुत्र्याच्या मापाची छोटी गोळी किंवा पातळ औषध आणा. पातळ औषधात १ मिलीला १.५ मिग्रॅ असेल तर भुऱ्याला रोज १.३ मिली बसते, पण बाटलीवरचा आकडा वाचूनच सिरिंज भरा, सगळ्या बाटल्या एकसारख्या नसतात.

बाकी माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर नकोच, आयब्युप्रोफेन नको, डायक्लोफिनॅक नको, एसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची ती जोडगोळी नको, नॅप्रोक्सेन तर बिलकुल नको, कारण माणसात ते दिवसभरात निम्मं होते आणि कुत्र्यात निम्मं व्हायलाच तीन दिवस लागतात, दुसऱ्या दिवशी तुम्ही आणखी एक दिली की पहिलीच्यावर दुसरी चढते. मागं माझ्याकडं एक काळा कुत्रा आणला होता, किराणा दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी तीन दिवस भाकरीत लपवून दिलेली. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या फुटलेल्या बोंडासारख्या पांढऱ्या, आणि शी डांबरासारखी काळी, चिकट. पोटात व्रण होऊन आतल्या आत रक्त जात होतं. मालक म्हणे, पण साहेब लंगडणं थांबलं होतं. थांबलंच असंन, औषधानं त्याचं काम केलं होतं ना.

(जाता जाता, डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून आपल्या देशात बंद आहे ते गिधाडांमुळं. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याच्या किडन्या जायच्या, तशी गिधाडं संपतच आली होती. २०२३ मध्ये एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झालं. मेलॉक्सिकॅम गिधाडाला चालते. तेव्हा गोठ्यात जुन्या शिश्या पडल्या असतील तर त्याही एकदा पाहून घ्या.)

आता किडनीचं. गावातले अगदीच खोटं बोलत नाहीत पण अर्धंच सांगतात. या गोळ्या शरीरातलं जे द्रव्य कमी करून दुखणं-सूज उतरवतात ना, तेच द्रव्य पोटाचं अस्तर सांभाळते आणि शरीरात पाणी कमी पडलं की किडनीचा रक्तपुरवठाही चालू ठेवते. कुत्रा खाऊन-पिऊन धड असला, डोस बरोबर असला तर किडनी एवढं सहन करते, वर्षानुवर्षं गोळी घेणारे कितीतरी कुत्रे मी पाहिलेत. पण आपल्याकडं मे महिना असते राजेहो. पारा ४५च्या वर, कुत्रा दिवसभर धापा टाकते, पाण्याचं टोपलं दुपारी कोरडं, त्यात उलटी-हगवण लागली आणि तुम्ही नेमानं गोळी दिली, की किडनीला मार बसतो तो तिथं. त्यामुळं एक साधा नियम ठेवा, ज्या दिवशी भुऱ्या जेवला नाही, उलटी केली, पातळ हगला, त्या दिवशी गोळी नाही आणि डॉक्टरला फोन. आणि गोळी नेहमी जेवणाबरोबर. एखाद्या दिवशी राहिली तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

अजून एक, हे तुमच्या डॉक्टरांनी पाहिलं की नाही माहीत नाही पण आपल्या भागात पाहायलाच पाहिजे. गोचीड. गोचिडाच्या तापातही कुत्रं लंगडते, सांधे दुखतात, मलूल राहते आणि त्याच तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी, प्लेटलेट म्हणतात त्या, कमी होतात. अशा कुत्र्याला ही गोळी दिली तर पोटात रक्त सुटायची भीती जास्त. भुऱ्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड असतील, कधी नाकातून रक्त आलं असेल तर आधी ती तपासणी करा. एक्सरेत संधिवात दिसला म्हणजे गोचीड ताप नाहीच असं काही नसते, म्हाताऱ्या कुत्र्याला दोन्ही असू शकते.

रक्त तपासायचं म्हणजे किडनीचं क्रिएटिनिन, युरिया, लिव्हरचं एएलटी आणि पेशींची मोजणी. सुरू करायच्या आधी एकदा, मग दोन ते चार आठवड्यांनी, मग वर्षातून दोनदा. तालुक्याला जनावरांची लॅब नसली तर डॉक्टर नमुना काढून माणसांच्या लॅबला पाठवतात, चालते, फक्त रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज माणसाची असते, ती वाचून घरी निकाल लावू नका. जास्तच अडलं तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आणि मधल्या काळात तुमचे डोळेच लॅब, शी काळी झाली का, पाणी अचानक जास्त पिऊन जास्त मुतते का, डोळ्याचं पांढरं पिवळं पडलं का. यातलं एकही दिसलं की गोळी त्याच दिवशी बंद.

महिन्याभरात फरक पडला तर डॉक्टरला विचारून डोस कमी करत न्या, जेवढ्यात भुऱ्या सुखानं उठते तेवढाच ठेवायचा. थंडीत थोडा वाढेल, उन्हाळ्यात कमी लागेल. शहाबादी फरशीवर निजत असेल तर खाली पोत्यात कुटार भरून द्या, नखं वाढली असतील तर कापा, बंडीवर उचलून ठेवा. आणि "काऊन द्यावी" विचारलं म्हणून सांगतो, कुत्रं दुखलं म्हणून ओरडत नाही, गुमान पडून राहते आणि आपण म्हणतो म्हातारं झालं. जागलीची रजा द्या आता त्याला, पण वावरात सकाळी एक हळू चक्कर असू द्या, पार बसवून ठेवलं तर पाय अजून आखडतात.

प्रश्न: सर, आम्ही भंडारा जिल्ह्यातले, लाखनीजवळ. आमची लॅब्राडोर ९ वर्षांची, ३४ किलो. सांधे दुखतात म्हणून दोन वर्षांपासून कार्प्रोफेन ही दुखण्याची गोळी ७५ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ देते, छान फिरते. पण आता कुणीतरी सांगितलं की लॅब्राडोरचं लिव्हर या गोळीनं खराब होतं, तेव्हापासून झोप नाही. मधे खाज सुटली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन लिहून दिली आहे, ती अजून सुरू केली नाही.

उत्तर: ताई, सुरू केली नाही हे फार बरं केलं, प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड आणि स्टेरॉइड अन् दुखण्याची गोळी एकत्र कधीच नाही, पोटाला व्रण पडायचा हा सगळ्यात सोपा रस्ता. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. खाजेसाठी दुसरं काही देता येते का ते विचारा, स्टेरॉइडच लागणार असेल तर कार्प्रोफेन बंद करून मधे काही दिवस मोकळे सोडावे लागतात, साधारण आठवडाभर, किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील. एका दुखण्याच्या गोळीवरून दुसरीवर जातानाही तसंच.

लिव्हरची गोष्ट हवेतली नाही. कार्प्रोफेन अमेरिकेत १९९६ ला मंजूर झालं आणि त्यानंतर लिव्हर बिघडलेल्या कुत्र्यांची नोंद झाली त्यात लॅब्राडोर जास्त होते. पण तो त्रास क्वचितच होतो आणि झाला तर बहुतेक पहिल्या काही आठवड्यातच दिसतो. तुमची दोन वर्षं झाली. डोसही बरोबर आहे, किलोमागे दिवसाला ४.४ मिग्रॅ म्हणजे तिला १५० च्या आसपास, तेवढाच तुम्ही देता. एएलटी सहा महिन्यात पाहिलं नसेल तर या आठवड्यात पाहा आणि झोपा निवांत.

मला जास्त खटकते ते ३४ किलो. फासळ्या हाताला लागतात का? नसतील लागत तर गोळीपेक्षा ताटाकडं पाहा. ४८ लॅब्राडोरवर १४ वर्षं चाललेला एक अभ्यास आहे, ज्यांना चौथाई कमी खायला दिलं ते जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. दूध-भात अर्धा करा, चहाबरोबरची बिस्किटं बंद, घरात कोण चोरून देते ते तुम्हाला माहीत असंनच. पाच किलो उतरले तर गोळीचा डोसही उतरेल, तेव्हा डॉक्टरकडून नवीन हिशोब करून घ्या.

प्रश्न: गडचिरोलीकडं म्हाताऱ्या कुत्र्याला मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल चोळतात. चालते का? अन् माणसाचा दुखण्याचा मलम?

उत्तर: तेल कोमट करून हलक्या हातानं चोळा, चालते, सांध्यावर जोर देऊ नका. मलम मात्र नाही. कुत्रं चाटणार, आणि त्या मलमात डायक्लोफिनॅक, कापूर, विंटरग्रीनचं तेल असं काय काय असते, ते सगळं पोटात जाते. तुमच्या स्वतःच्या गुडघ्याला लावलं असेल तरी वर फडकं बांधा, तिथंही येऊन चाटतात.