रेडिओवरच्या रूपकात 'रूप' कुठलं?

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं महिला मंडळ माइकसमोर बसून एक जुनं रेडिओ-रूपक वाचणार आहे. पत्रिकेचा मजकूर पाहून एका सभासदांनी हरकत घेतली: "रूपक हा अलंकार आहे, इथे श्रुतिका लिहा." कोणाचं बरोबर?

ताई, तुमचं. ही हरकत ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. शाळेत 'मुखचंद्र' घोकलं की रूपकाचा विषय संपला, असं भल्याभल्यांना वाटतं. अलंकाराची व्याख्या सगळ्यांना येते, ती इथे उगाळत नाही.

धनंजयाचं दशरूपक उघडा. नाट्यावरचा दहाव्या शतकातला हा संस्कृत ग्रंथ म्हणतो, 'रूपं दृश्यतयोच्यते, रूपकं तत्समारोपात्'. नाट्य डोळ्यांना दिसतं म्हणून ते रूप. नटावर रामाचा समारोप केला, म्हणजे राम त्याच्यावर चढवला, म्हणून ते रूपक. चेहऱ्यावर चंद्र चढवा, अलंकार होतो. नटावर राम चढवा, नाटक होतं. क्रिया एकच! आणि हा 'समारोप' आपण आज कुठे नेऊन ठेवलाय पाहा: आभारप्रदर्शनाच्या शेजारी.

आता खरी गंमत. 'दिसतं' म्हणून ज्याला रूपक म्हटलं, तो शब्द रेडिओने घेतला, जिथे काहीच दिसत नाही. शुद्धिवादी मंडळी याला विसंगती म्हणतात आणि 'ध्वनिनाट्य' असले कोरडे शब्द पुढे करतात. मला ते साफ अमान्य आहे. हिंदी रेडिओनेही छोट्या विनोदी नाटुकल्याला 'झलकी' म्हटलं, म्हणजे पुन्हा दिसणंच. आमच्या रामबागेतल्या घरी रात्री विविध भारतीचं हवामहल लागायचं. आजी डोळे मिटून वाती वळत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "हा मुनीम दिसतोच मेला लबाड!" 'वाटतो' नाही, 'दिसतो'. स्टुडिओत कोणीतरी करवंट्या आपटत होतं, सेलोफेनचा कागद चुरगाळत होतं. आजीला घोडा आणि वणवा दिसत होता. रंगमंचावर समारोप नट करतो, रेडिओवर तो ऐकणारा करतो. म्हणून माझं ठाम मत आहे की 'रूपक' हा शब्द रंगभूमीपेक्षा रेडिओलाच जास्त शोभतो. बीबीसीने जानेवारी १९२४ मध्ये खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक प्रसारित केलं, ते घडतं कुठे? दिवे गेलेल्या कोळशाच्या खाणीत! पात्रांनाही दिसत नाही आणि श्रोत्यांनाही, तरी खाण उभी राहते.

आणि 'श्रुतिका' सुचवणाऱ्या बाईंनी श्रुतीकडे तरी नीट पाहावं. श्रुती म्हणजे ऐकलेलं, वेद. पण ते मंत्र ज्यांना मिळाले त्या ऋषींना आपण मंत्रश्रोते म्हणत नाही, मंत्रद्रष्टे म्हणतो. 'ऋषिर्दर्शनात्', म्हणजे पाहतो म्हणून ऋषी, असं यास्क निरुक्तात, वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या ग्रंथात, सांगतो. ऐकलेलं पाहणं ही आपल्या भाषेची फार जुनी खोड आहे. माझी आजी आणि यास्क एकाच बाजूचे.

हां, फरक राहिलाच. श्रुतिका म्हणजे संवादांवर चालणारं छोटं नाटक. मोठं, पूर्ण कथेचं असेल तर नभोनाट्य. गाण्यांतून उलगडते ती संगीतिका. आणि निवेदन, संवाद, संगीत, कधी खऱ्या माणसांचं ध्वनिमुद्रण असं सगळं एका विषयाभोवती गुंफलं की ते रूपक. मालवा हाउसमधल्या आकाशवाणीच्या जुन्या माणसांना विचारा, तेही हेच सांगतील.

तुमच्या संहितेत निवेदक आहे, असं तुम्ही लिहिलंय. आणि विषय अहिल्याबाईंचे घाट. मग ते रूपकच. तसंच छापा. फक्त 'रू' दीर्घ आहे ना ते बघा. तुमच्या कच्च्या मजकुरात ऱ्हस्व पडलाय.